गोरखचिंचेखालची बोलकी पाटी

त्या मुलखात गवत भरपूर होतं, ऊन भरपूर होतं आणि वैद्य फार कमी होते. क्षितिजापर्यंत पसरलेल्या गवतात चरणारे, उड्या मारणारे, बिळं करून राहणारे हजारो जीव होते आणि त्या सगळ्यांना मिळून दवाखाने होते सात. एका दवाखान्यापासून दुसऱ्यापर्यंत धडधाकट जनावराला चार दिवस चालावं लागे. धडधाकट जनावराला दवाखान्याची गरजच नसते, ही बारीकशी अडचण दवाखान्यांच्या जागा ठरवताना कुणाच्या लक्षात आली नव्हती.

या सातांपैकी एक दवाखाना एका जुन्या गोरखचिंचेखाली होता. झाडाचा बुंधा इतका रुंद होता की त्याच्या पुढच्या बाजूला रांग लागे आणि मागच्या बाजूला काय चाललंय ते रांगेला दिसत नसे. दवाखाना चालवायची एक साळिंदर. तिला सगळे काटेमावशी म्हणत. गळू फोडायला सुई शोधत तिला लांब जावं लागत नसे, एवढी एक सोय तिच्या अंगावरच होती. बाकी तिच्याजवळ होती ती कडूसाल. दूरच्या टेकडीवर वाढणाऱ्या एका झाडाची ही साल थरथरतापावर लागू पडे. रोज एक चकती अशा तीन दिवसांत तीन चकत्या पोटात गेल्या की ताप उतरायचा. मध्ये एक जरी चुकली तरी तो दुप्पट जोरानं परतायचा. पाणकोळी, म्हणजे तो झोळीसारख्या चोचीचा मोठा पक्षी, दर पौर्णिमेला चोच भरून साल आणून टाकी.

गवताळ मुलखाची एक रीत होती. कुणी कुणाला ‘कसं काय?’ म्हणून विचारलं की उत्तर यायचं, ‘बरं हाय.’ तेव्हा विचारणारा दहा पावलांवर असायचा. मग तो चार पावलं पुढं येऊन पुन्हा विचारायचा आणि पुन्हा उत्तर यायचं, ‘चाललंय.’ तिसऱ्यांदा मात्र तो अगदी जवळ यायचा, मान खाली घालून कानाशी विचारायचा आणि मग खरं काय ते बाहेर पडायचं. ही रीत उगाच पडलेली नव्हती. गवत उंच होतं, त्यात कोण दडून बसलंय याचा नेम नव्हता. ‘माझ्या पोराच्या पायांत बळ नाही’ हे मोठ्यानं सांगणं म्हणजे तरसाला जेवायचं आमंत्रण देण्यासारखंच होतं. शिवाय जो तीनदा विचारायला थांबत नाही तो मदतीला काय थांबणार, असाही तिथल्या लोकांचा हिशेब होता. मला तरी त्यात काही चूक दिसत नाही.

अशा या झाडाखाली एका सकाळी टेकडीवरून करकोचा उतरला. टेकडीवर गेंड्यांचं मंडळ होतं आणि सातही दवाखान्यांना साल किती पाठवायची ते हे मंडळ ठरवी. गेंड्यांना लांबचं दिसत नाही, हे सर्वांना ठाऊक आहे. त्यांनाही ते ठाऊक होतं, आणि त्यांच्या भलेपणाची गोष्ट ही की ते त्यावर उपाय शोधत होते. तो उपाय करकोच्यानं चोचीत धरून आणला होता. एक गुळगुळीत काळी पाटी. ती उन्हावर चाले, माणसासारख्या आवाजात बोले आणि ऐकलेलं टेकडीवरच्या मोठ्या पाटीवर त्याच क्षणी उमटवी. ताप असला तर लाल ठिपका, नसला तर पांढरा.

‘दोन पौर्णिमा हिची चाचणी घ्यायची आहे,’ करकोचा म्हणाला. तो उंच होता, नीटनेटका होता आणि कामाला पक्का होता. ‘पाटी प्रत्येकाला विचारेल, उत्तर ऐकेल, पुढच्याला बोलावेल. चाचणी चालू असताना मध्ये कुणी बोलायचं नाही. तुम्हीसुद्धा नाही, काटेमावशी. नाहीतर पाटी चांगली की तुम्ही चांगल्या, हे आम्हाला कळायचं कसं?’

‘बरं साहेब,’ काटेमावशी म्हणाली.

पाटी एका दगडावर उभी केली गेली आणि कामाला लागली. ती कामाची होती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कोणत्या वजनाच्या जनावराला केवढी चकती द्यायची ते ती अचूक सांगे. आदल्या दिवशी कोण आलं होतं आणि आज कोण यायचं राहिलं, याची आठवण करून देई. काटेमावशीनं उभ्या आयुष्यात जे अंदाजानं केलं होतं ते पाटी चोख करायची, आणि मावशीला त्याचा हेवा न वाटता आनंदच वाटायचा. रोज सकाळी ती आपल्या पोटाच्या मऊ केसांनी पाटीवरची धूळ पुसून काढी.

फक्त रांगेच्या तोंडाशी एक घोटाळा होई. पाटी आपल्या दगडावरून खणखणीत आवाजात विचारी, ‘आपल्याला ताप आहे का?’

‘बरं हाय,’ रांगेतला पहिला तितक्याच खणखणीत आवाजात सांगे.

‘धन्यवाद. पुढचे या,’ पाटी म्हणे आणि टेकडीवर पांढरा ठिपका उमटे.

आता तापानं फणफणलेला रानडुक्कर दहा पावलांवरून, भर रांगेत, एकदाच विचारल्यावर दुसरं काय सांगणार होता? त्यानं रीत पाळली. पाटीनं तिची रीत पाळली. मग तो बुंध्याला वळसा घालून मागच्या बाजूला जाई. तिथं काटेमावशी दुपारभर बसलेली असे. ती त्याला आणखी दोनदा विचारी, तिसऱ्यांदा अगदी कानाशी, आणि मग एक चकती हळूच त्याच्या जिभेवर ठेवी. बुंध्यामागे तोंडानं बोलायला तिला कुणी मना केलं नव्हतं. पण तिथं पाटी नव्हती आणि म्हणून तिथं दिलेल्या चकत्या टेकडीच्या लेखी कधी दिल्याच गेल्या नव्हत्या.

करकोचा दर आठवड्याला येई. निघता निघता पंख पसरत विचारी, ‘काय काटेमावशी, पाटी कशी चालली आहे?’

‘छान चाललीय साहेब.’

करकोचा तेवढं मनात टिपून घेई आणि उडून जाई. मावशीला सांगायचं नव्हतं असं नाही. पण पंख उघडून उभ्या असलेल्यापाशी गाऱ्हाणं मांडणं तिला असभ्यपणाचं वाटे. आणखी एक भीती तिच्या मनात होती. तक्रार केली आणि पाटीच उचलून नेली तर? चकती केवढी द्यायची ते मग कोण सांगेल? तेव्हा ती वाट बघत राहिली की साहेब कधीतरी तीनदा विचारतील. साहेबांना एवढा वेळ कधीच नव्हता.

पहिली पौर्णिमा आली. टेकडीवरची मोठी पाटी चांदणं पडावं तशी पांढरी झाली होती. गेंड्यांनी ती जवळ जाऊन, नाक टेकवून पाहिली आणि त्यांना भरून आलं. इतक्या वर्षांत त्यांनी अशी पाटी पाहिली नव्हती. गोरखचिंचेखालचा थरथरताप समूळ गेला होता! मंडळानं एकमतानं ठरवलं की तिथली साल आता जिथं ताप आहे तिथं पाठवावी. त्यांच्या जागी तुम्ही-आम्ही असतो तर आपणही तेच ठरवलं असतं.

पाणकोळी ठरल्या दिवशी गोरखचिंचेखाली उतरला. काटेमावशीनं टोपली पुढं केली. पाणकोळ्यानं चोच उघडली. आत साल नव्हती, पिवळ्या फुलांची एक माळ होती.

‘मंडळानं अभिनंदन कळवलंय,’ पाणकोळी म्हणाला. माळ पाटीसाठी होती. त्यानं ती पाटीला घातली आणि तो गेला.

काटेमावशी जवळजवळ रिकाम्या टोपलीकडे बघत बसली. त्या क्षणी तिला पाटीचा राग आला आणि लगेच स्वतःचा त्याहून जास्त आला. टोपलीच्या तळाशी जुन्या सालीच्या अकरा चकत्या होत्या. तिनं त्या पुरवून पुरवून वापरल्या. आठ दिवसांनी एक उरली.

त्याच सकाळी धावरी आली. धावरी ही झेब्र्यांच्या कळपातली, दोन वर्षांपूर्वी एक पिल्लू गमावलेली आई. आता तिच्यामागे तिचं दुसरं शिंगरू होतं, आणि त्याचे चारही पाय चार दिशांना जात होते. त्याच्या अंगावरचे पट्टेसुद्धा थरथरताना दिसत होते. करकोचाही त्या दिवशी तिथंच होता. आठवड्याची फेरी उरकून तो वाऱ्याची वाट पाहत उभा होता. जमीन तापून गरम हवा वर चढू लागली की करकोचे तिच्यावर स्वार होतात आणि पंख न हलवता कोसचे कोस जातात. पण त्या दिवशी आभाळ मळभलेलं होतं आणि हवा जागची हलत नव्हती.

‘आपल्या पिल्लाला ताप आहे का?’ पाटीनं विचारलं. तिच्या गळ्यात सुकलेली माळ तशीच होती.

धावरीनं एकदा उंच गवताकडे पाहिलं. ‘बरं हाय,’ ती म्हणाली.

‘धन्यवाद. पुढचे या.’

शिंगरू तिथंच खाली बसलं. करकोच्यानं ते पाहिलं. त्यानं पाटीकडे पाहिलं, पाटी ठीक होती. तो जरा चक्रावला, पण पाटीच्या ठीक असण्यावर त्याचा भरवसा होता. धावरी शिंगराला ढोसत ढोसत बुंध्यामागे घेऊन गेली. वारा यायला अजून अवकाश होता, म्हणून करकोचाही वेळ काढायला तिकडे गेला. काटेमावशी शेवटची चकती शिंगराच्या जिभेवर ठेवत होती.

‘काय काटेमावशी, पाटी कशी चालली आहे?’ त्यानं सवयीनं विचारलं.

‘छान चाललीय.’

एरवी तो इथं उडाला असता. त्यानं वर पाहिलं. पानसुद्धा हलत नव्हतं. दोन पावलं सावलीत सरकून, निव्वळ काहीतरी बोलायचं म्हणून, त्यानं पुन्हा विचारलं, ‘म्हणजे अगदी ठीक ना?’

‘चाललंय साहेब.’ या वेळी तिचा आवाज खाली आला होता.

तो खाली आलेला आवाज नीट ऐकू यावा म्हणून करकोच्यानं आपली लांब मान वाकवली. त्याचा कान थेट तिच्या तोंडाशी आला. ‘काय झालंय, मावशी?’

मग काटेमावशीनं सांगितलं. सगळं सांगितलं. रीत सांगितली, रानडुक्कर सांगितला, बुंध्यामागच्या दुपारी सांगितल्या, रिकामी टोपली दाखवली. ‘ही शेवटची चकती हुती साहेब,’ ती म्हणाली. ‘उद्याची न्हाय, परवाची न्हाय. उद्या दिवस मावळायच्या आत दुसरी पडली न्हाय, तर ताप परत येतोय. आन् ह्ये लेकरू काय त्यो दुसरा ताप सोसायचं न्हाय.’

‘मला आधी का सांगितलं नाहीत?’

‘तुमी इचारलं कुठं?’

करकोच्याला आठवत होतं की त्यानं विचारलं होतं, दर आठवड्याला. मग त्याला हेही आठवलं की प्रत्येक वेळी त्याचे पंख उघडे होते. त्याला लाज वाटली. करकोच्यांना लाज वाटते तेव्हा ते चोच वाजवतात. त्यानं दोनदा चोच वाजवली आणि वाऱ्याची वाट न पाहता, पंख मारत, तो उडाला. स्वाभिमानी करकोचा असा कधी उडत नाही. बदकं उडतात तशी.

दिवस कलता कलता तो टेकडीवर पोचला. गेंड्यांचं मंडळ पाण्याच्या डबक्याभोवती बसलं होतं. करकोच्यानं धापा टाकत हकिगत सांगितली. गेंडे ऐकून घेणारे होते, पण पाटी त्यांच्यासमोर होती आणि ती पांढरी होती.

‘एका झेब्र्यासाठी तू अख्खी पाटी खोटी ठरवतोस,’ थोरले गेंडे म्हणाले. तेच मंडळाचे प्रमुख. ‘शिवाय तीनदा विचारायचं म्हणजे तिप्पट वेळ. एकदा विचारल्यावर खरं सांगत नाही असं कोण असतं?’

करकोचा डबक्याच्या पलीकडच्या काठाला गेला. मग त्यानं दहा पावलांवरून विचारलं, ‘आपली तब्येत कशी आहे, थोरले?’

‘उत्तम.’

करकोचा डबक्याला वळसा घालून अर्ध्या वाटेवर आला. ‘बरी आहे ना खरंच?’

‘म्हटलं ना. चालायचंच, वय झालं.’

करकोचा अगदी जवळ जाऊन उभा राहिला. त्यानं मान वाकवली आणि बाकीच्यांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात विचारलं. थोरल्या गेंड्यांनी इकडंतिकडं पाहिलं. त्यांचा कान हलला.

‘उजवा गुडघा,’ ते पुटपुटले. ‘पावसाळ्यापासून. रात्रभर झोप नाही. कुणाला सांगू नकोस.’

त्यांनी हे म्हटलं आणि ते स्वतःच थबकले. मग थोरले गेंडे त्याच उजव्या गुडघ्यावर जोर देत कण्हत उठले आणि म्हणाले, ‘साल काढा. जेवढी याच्या चोचीत मावेल तेवढी आत्ता. बाकीची पाणकोळ्याबरोबर.’

दुसऱ्या दिवशीही हवा हलत नव्हती. गोरखचिंचेखाली रांग लागली नाही. सगळे इकडंतिकडं बसून आभाळाकडे बघत होते. धावरी शिंगराला अंगाशी घेऊन उभी होती. दुपार उलटली. शिंगराचे कान गरम व्हायला लागले तेव्हा धावरीनं डोळे मिटून घेतले. मागच्या वेळी पण सुरुवात कानांपासूनच झाली होती. काटेमावशी दर थोड्या वेळानं रिकामी टोपली पालथी करून झटके, जणू तिच्यातून काही पडेल.

ऊन पिवळं पडल्यावर गवताच्या टोकाला एक ठिपका दिसला. तो उडत नव्हता. पंखांतलं बळ संपल्यामुळे करकोचा शेवटचा कोसभर चालत येत होता, चिखलानं माखलेला, मान ताठ ठेवून, कारण चोच सालीनं गच्च भरलेली होती. काटेमावशी जन्मात पळाली नव्हती. त्या दिवशी ती पळाली. पाटीनं शिंगराचं वजन पाहून सांगितलं, ‘अर्ध्याहून थोडी मोठी चकती,’ आणि दिवस मावळायच्या आत ती त्याच्या पोटात गेली.

रात्र सरली, सकाळी तिसरी चकती दिली आणि मग पाटीची शिकवणी सुरू झाली. करकोचा आठ दिवस मुक्कामाला राहिला. पाटीला दगडावरून उतरवण्यात आलं. काटेमावशी तिला पाठीवर घेऊन फिरू लागली. काट्यांमध्ये ती अशी काही घट्ट बसली की खाली पडायचं नाव नको. पहिला प्रश्न दहा पावलांवरून. दुसरा चार पावलं पुढं येऊन. तिसरा कानाशी, दबक्या आवाजात. पाटीला दबकं बोलणं जड गेलं. सुरुवातीला तिचा दबका आवाजसुद्धा पलीकडच्या वारुळापर्यंत ऐकू जाई आणि रांगेतले सगळे खो खो हसत. पण ती शिकली. ‘धन्यवाद, पुढचे या’ म्हणायच्या आधी गप्प राहायलाही शिकली, आणि ते सगळ्यात कठीण होतं. तिसरं उत्तर तेवढं टेकडीवर पोचू लागलं. तिकडची मोठी पाटी आठवड्याभरात लालेलाल झाली. गेंड्यांनी नाक टेकवून ती पाहिली. त्यांनी माळ पाठवली नाही, साल पाठवली.

नवव्या दिवशी करकोचा निघणार होता. वारा छान सुटला होता, आभाळ मोकळं होतं. त्यानं पंख उघडले नव्हते. रांगेत धावरी होती आणि शिंगरू तिच्याभोवती गोल गोल पळत होतं. आदल्या दिवसापासून त्याला पळण्याखेरीज काही सुचत नव्हतं.

‘आपल्या पिल्लाला ताप आहे का?’ पाटीनं दहा पावलांवरून विचारलं.

‘बरं हाय,’ धावरी म्हणाली.

काटेमावशी चार पावलं पुढं आली. ‘खरंच बरं आहे ना?’ पाटीनं विचारलं.

‘चाललंय.’

काटेमावशी अगदी जवळ गेली. धावरीनं मान खाली केली, तशी पाटी तिच्या कानाला लागली आणि पाटीनं हळूच विचारलं. धावरीनं तोंड उघडलं आणि तिला काही बोलताच येईना. तिसऱ्या प्रश्नाला सांगायला तिच्याजवळ नेहमी काहीतरी असायचं, आणि आज शोधूनही सापडत नव्हतं. पाटी थांबली. रांग थांबली.

‘बरं हाय,’ धावरी कानाशी म्हणाली आणि रडायला लागली.

टेकडीवर लाल ठिपक्यांच्या मधोमध एक पांढरा ठिपका उमटला. सगळे गेंडे तो बघायला गोळा झाले. थोरल्यांनी त्याला नाक लावलं, मग मागं सरकून त्याच्याकडे पाहिलं. पांढरं उमटलं की पूर्वी ते खूश होऊन चरायला जात. या वेळी ते गेले नाहीत. गोरखचिंचेखाली, काटेमावशीच्या पाठीवर, पाटी आपोआप उजळली आणि पहिल्यांदाच तिच्यावर टेकडीकडून अक्षरं आली: ‘खरंच बरं आहे?’

कुणी उत्तर द्यायच्या आत ती पुन्हा उजळली. या वेळची अक्षरं इतकी बारीक होती की वाचायला काटेमावशीला पाटी पाठीवरून उतरवून जमिनीवर ठेवावी लागली. ‘आम्ही थांबलो आहोत. सांगा.’

धावरी पुढं झाली, पण तिच्याआधी शिंगरू धावत आलं. काळ्या पाटीत त्याला दुसरं एक शिंगरू दिसलं होतं. त्यानं त्याला भेटायला आपलं थंडगार, ओलं नाक पाटीवर दाबलं आणि तिकडे टेकडीवर, मोठ्या पाटीच्या मधोमध, गेंड्यांच्या डोळ्यांदेखत, दोन नाकपुड्यांचा भला मोठा ओला ठसा उमटला.